नस रोज एकच मिलीमीटर का वाढते? टोकाचा निरोप मुळाशी पोचतो तरी कसा?

उंबरठा (धागाकर्ता), रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. विषय थोडा डोक्याचा आहे पण घरातूनच आलाय. माझा धाकटा भाऊ स्लायडिंग खिडक्या बसवायचं काम करतो. अडीच महिन्यांपूर्वी काच निसटली आणि उजव्या हातात घुसली, मनगटाच्या वर साधारण १३ सेंटीमीटरवर, आणि मधली मोठी नस, मीडियन नर्व्ह म्हणतात ती, पूर्ण तुटली. त्याच रात्री ऑपरेशन झालं, दुर्बिणीखाली केसापेक्षा बारीक धाग्याने शिवली. तेव्हापासून अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आहे, स्क्रू धरला की कधी पडतो ते त्याला कळतच नाही, शर्टाचं बटण आई लावून देते.

डॉक्टरांना विचारलं किती दिवस लागतील तर म्हणाले "रोज एक मिलीमीटर" आणि पुढचा पेशंट आत बोलावला. घरी येऊन बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली, जवळजवळ ३० सेंटीमीटर, म्हणजे दहा महिने! त्यानंतर मी नेटवर वाचत बसलो तर एका ठिकाणी लिहिलंय की नसेच्या आत माल दिवसाला ४०० मिलीमीटर वेगाने फिरतो. मग गाडी ४०० ची आणि रस्ता एकचा, हे काय गौडबंगाल आहे? आणि पेशीचं मूळ म्हणे मानेजवळ असतं, त्याला कोण सांगतं की बाबा मनगटाजवळ तुटलंय, आता वाढायला लाग?

जाणकारांनी सोप्या मराठीत सांगावं. दहावीला सायन्समध्ये ४८ मार्क होते, त्या बेताने.

गवती चहा, रविवार, रात्री ११.३२

रुमाल टाकून ठेवते. भावाला लवकर आराम पडो.

टवाळ, रविवार, रात्री ११.४०

४०० आणि १ मधला फरक म्हणजे टेंडर आणि प्रत्यक्ष काम यातला फरक. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रयोगवही, सोमवार, पहाटे ५.५५

उंबरठा, प्रश्न एक नंबर आहे आणि तुम्हाला वाटतो तितका बाळबोध अजिबात नाही. माझं काम याच्या जवळपासचं आहे म्हणून लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी माप डोळ्यासमोर आणा. तुमच्या भावाच्या तर्जनीला स्पर्श कळवणाऱ्या पेशीचं अंग मानेच्या मणक्यालगत, एका छोट्या गाठीत बसलेलं आहे, मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. आणि तिचा एक धागा, अक्झॉन, थेट बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे ८०-९० सेंटीमीटर. प्रोटीन बनवायचा मुख्य कारखाना त्या गाठीतल्या अंगात. आता बोटाकडचं एखादं रसायन नुसतं पाझरत पाझरत मानेपर्यंत जाईल म्हटलं तर विसरा. पाझरण्याचा हिशेब असा की अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. मिलीमीटरचा दहावा भाग जायला काही मिनिटं लागत असतील तर पाऊण मीटरला शेकडो वर्षं लागतात. म्हणून आत रूळ टाकलेत. मायक्रोट्युब्यूल नावाच्या पोकळ नळ्या, आणि त्यांच्यावर चालणारी मोटर-प्रोटीनं. मानेकडून बोटाकडे जाणारी बहुतेक कायनेसिन जातीची, बोटाकडून मानेकडे येणारी डायनिन. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. १९८५ मध्ये स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड अक्झॉनमधून हे कायनेसिन वेगळं काढलं, वेल, रीझ आणि शीट्झ यांनी.

आता तुमचं गौडबंगाल. ४०० वाली गाडी आहे, पण ती पुड्यांची. पुड्या म्हणजे पातळ पडद्याच्या पिशव्या, त्यात टोकाला लागणारी प्रोटीनं. पण नस वाढायची तर नुसत्या पुड्या पोचून भागत नाही, सांगाडा लागतो, म्हणजे रूळच पुढे वाढवायला हवेत. आणि सांगाड्याचा माल, ट्युब्युलिन वगैरे, तो दिवसाला एक मिलीमीटरच्या आगेमागे सरकतो, काही माल त्याहून हळू, काही दिवसाला काही मिलीमीटर. हा माल रुळावर असतो तेव्हा जोरातच पळतो हे आता दिसलंय, पण बहुतेक वेळ तो थांबलेलाच असतो. लालपरीसारखं, घाटात मस्त पळते पण प्रत्येक थांब्यावर चहा.

तर डॉक्टरांचं एक मिलीमीटर हे सांगाड्याच्या जवळपासचं आहे, निरोपाचं नाही. निरोप फार लवकर पोचलेला असतो.

गवती चहा, सोमवार, सकाळी ८.१५

हे भारी आहे. पण हे असं आत काही सरकतं हे कळलं कसं पहिल्यांदा? १९८५ च्या आधी?

प्रयोगवही, सोमवार, सकाळी ८.५०

१९४८, पॉल वाइस आणि हेलन हिस्को. उंदरांच्या नसेला आवळपट्टी बसवली. काही आठवड्यांनी बघतात तर पट्टीच्या वरच्या बाजूला, पेशीकडे, नस फुगलेली. शेतात पाटाला पेंढा अडकला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं तसं. पट्टी सोडली आणि तो फुगवटा खाली सरकायला लागला, दिवसाला एक-दोन मिलीमीटर! तिथून हा आकडा आला. पण ही झाली जाणारी वाहतूक. येणारी, म्हणजे टोकाकडून मुळाकडे, ती गोष्ट वेगळीच आहे आणि मला विचाराल तर जास्त मजेशीर. ऑफिस आहे, रात्री लिहितो.

टवाळ, सोमवार, सकाळी ९.०५

आता कोणीतरी डबेवाले आणणार बघा. पैज.

खिडकीतली, सोमवार, सकाळी ९.२०

मी तेच लिहायला आले होते 😄 पत्ता डब्यावर, रिकामा डबा परत...

टवाळ, सोमवार, सकाळी ९.२१

हहपुवा. सोडा हो त्यांना आता तरी.

प्रयोगवही, सोमवार, रात्री १०.४०

हं. तर रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यापासून सुरू करावं लागेल. जन्म १९०९, तुरीन. डॉक्टर झाल्या, आणि १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी ज्यू म्हणून विद्यापीठातून बाहेर काढलं. बाईंनी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून चाकू केले, घड्याळजीचे चिमटे आणले, आणि कोंबडीची अंडी. बाँब पडायला लागले तेव्हा गावाकडच्या घरात बिऱ्हाड हलवलं आणि शेतकऱ्यांकडे जाऊन लेकरांसाठी म्हणून अंडी मागायच्या. फलित हवीत हे पटवायला काय सांगत असतील देव जाणे. त्या भ्रूणांवर त्यांनी बघितलं की पाय-पंखाचा अंकुर काढून टाकला की त्याच्याकडे जाणाऱ्या चेतापेशी तयार होतात, पण मग मरतात. म्हणजे टोकाकडून काहीतरी यायला हवं असतं आणि ते येत नाही.

युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईसला व्हिक्टर हँबर्गर यांच्याकडे गेल्या. उंदराची एक कर्करोगाची गाठ भ्रूणाला लावली की नसा बेभान वाढतात असं दिसलं, तर १९५२ मध्ये गाठवाले दोन उंदीर घेऊन विमानाने रिओला गेल्या, तिथे काचेत पेशी वाढवायची सोय होती म्हणून. तिथे गाठीशेजारी ठेवलेल्या चेतापेशींच्या गोळ्यातून सूर्याच्या किरणांसारखे धागे फुटले. नंतर स्टॅन्ली कोहेन यांनी ते द्रव्य शोधायला घेतलं. अर्कातली न्यूक्लिक आम्लं काढायला त्यांनी सापाचं विष घातलं, तर परिणाम कमी व्हायच्या ऐवजी कितीतरी वाढला, कारण विषातच ते द्रव्य ठासून भरलेलं होतं! मग साप परवडत नाही म्हणून विषग्रंथीसारखीच दुसरी ग्रंथी, उंदराची लाळग्रंथी, तपासली, तिथे तर खाणच. तेच एनजीएफ, नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. १९८६ चं नोबेल दोघांना. हँबर्गरना नाही दिलं, ते मला आजही खटकतं.

पण प्रश्न उरला. द्रव्य मिळतं टोकाला, जगायचं-वाढायचं ठरतं मुळाशी. १९७४ मध्ये हेंड्री आणि मंडळींनी किरणोत्सारी आयोडिन लावलेलं एनजीएफ प्राण्याच्या एकाच डोळ्यात टोचलं, तर ते त्याच बाजूच्या मानेतल्या चेतापेशींच्या गाठीत जाऊन साठलं, दुसऱ्या बाजूला फारसं नाही. म्हणजे रक्तातून नाही, धाग्याच्या आतून वर गेलं.

आणि माझा सगळ्यात लाडका प्रयोग, कॅम्पेनॉट, १९७७. बशीवर कोलॅजनचा लेप, त्यावर पिनांच्या फणीने समांतर ओरखडे. वर टेफ्लॉनचं तीन कप्प्यांचं कडं, खाली ग्रीस लावून बसवलेलं, पाणी इकडचं तिकडे जाऊ नये म्हणून. मधल्या कप्प्यात चेतापेशी. त्यांचे धागे ओरखड्यांमधून, ग्रीसखालून, बाजूच्या कप्प्यात घुसतात. आता एनजीएफ फक्त बाजूच्या कप्प्यात द्यायचं. मधल्या पेशींना एक थेंब नाही, तरी त्या जगतात! आणि ज्या कप्प्यातलं एनजीएफ काढून घ्याल तिथलेच धागे झडतात. मी स्वतः अशा कप्प्यांवर काम शिकलो तेव्हा पहिले दोन महिने नुसतं ग्रीस गळत होतं, बॉस रोज येऊन बशी उजेडात धरायचा आणि न बोलता परत ठेवायचा.

निवृत्त कॅशियर, सोमवार, रात्री ११.२५

प्रयोगवही साहेब, मी विज्ञानातला नाही, पण वाचताना एक वाटलं. हा तर आमचा हयातीचा दाखला! दर नोव्हेंबरला आम्ही बँकेत जाऊन सांगायचं की अजून आहोत. दाखला गेला नाही की पेन्शन बंद. टोकाने मुळाला कळवायचं, मी इथे पोचलोय, जागा मिळालीय, चालू ठेवा.

प्रयोगवही, सोमवार, रात्री ११.५०

काका, साष्टांग. वर्गात हेच वापरणार. भ्रूणात अगदी असंच होतं, काही ठिकाणी तर निम्म्या चेतापेशी दाखला न पोचल्यामुळे स्वतःला संपवतात, तो ठरलेला कार्यक्रम आहे. मोठ्या माणसात मात्र नियम सैल. दाखला आला नाही तर पेन्शन लगेच बंद होत नाही, महागाई भत्ता कापला जातो. पेशी जगते पण काही प्रोटीनं बनवणं कमी करते, दुखणं कळवायची रसायनं घटतात.

आणि दाखल्याची खरी गंमत तर पाकिटात आहे. टोकाच्या पडद्यावर एक रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रोटीन, असतो, ट्रॅक-ए. एनजीएफ त्याला चिकटलं की पडद्याचा तेवढा भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते, एन्डोसोम. एनजीएफ पिशवीच्या आत, पण रिसेप्टरची शेपटी पिशवीच्या बाहेर लोंबते आणि ती चालू अवस्थेतच राहते. म्हणजे शिक्का पाकिटाच्या बाहेरच्या अंगाला आणि शाई ओली. डायनिन ते पाकीट ओढत मानेकडे नेतं, आणि वाटेतही ती शेपटी काम करत असते. २००७ मध्ये चमकणारे क्वांटम डॉट एनजीएफला लावून एकेक पाकीट जाताना बघितलं गेलं. बरीच पाकिटं एनजीएफच्या एकाच जोडरेणूवर चाललेली, आणि चाल थांबत-पळत, सरासरी सेकंदाला एक मायक्रॉनपेक्षा थोडी जास्त. त्या वेगाने मनगटाकडून मानेपर्यंत ढोबळ मानाने आठवडा.

टवाळ, मंगळवार, सकाळी ७.४०

नाव ट्रॅक, आणि माल रुळावरून. आठवडा लागतो म्हणजे रजिस्टर पोस्ट आहे.

गुरांचा डॉक्टर, मंगळवार, सकाळी ९.१०

याच वाटेवरचा दुसरा प्रवासी सांगतो, आमच्या धंद्यातला. रेबीज. कुत्रं चावलं की विषाणू स्नायूतून नसेच्या टोकात घुसतो आणि याच डायनिनच्या गाडीने वर मेंदूकडे जातो. एनजीएफचा अजून एक रिसेप्टर आहे, पी७५, तो धरूनही जातो, आणि २०१४ च्या एका कामात असं दिसलं की पी७५ बरोबर तो एनजीएफपेक्षाही लवकर पळतो. धनुर्वाताचं विषही असंच नसेतून वर चढतं. म्हणून तोंडाला-मानेला चावलं तर धोका लवकर, पायाला चावलं तर सहसा वेळ मिळतो, पण त्या भरवशावर राहून लोक हळद-मिरची भरत बसतात. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. परवा एक जण वासरू घेऊन आला, बोलता बोलता म्हणाला कुत्रं मलाही चावलंय, आठ दिवस झाले. वासरू राहू दे बाजूला, आधी त्याला मोटरसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात पाठवला.

अबोली, मंगळवार, दुपारी २.०५

धागा वाचून एक विचारते. आईची केमो झाली, पॅक्लिटॅक्सेल. आता आजार आटोक्यात आहे पण बोटांची टोकं आणि तळपाय बधिर. वाटी हातातून सुटते, चप्पल पायातून निघून जाते आणि ती दोन पावलं तशीच पुढे चालते, मग बघते. याचा या रुळांशी काही संबंध आहे का?

प्रयोगवही, मंगळवार, रात्री ९.३०

अबोली, आहे. पॅक्लिटॅक्सेल मायक्रोट्युब्यूलला चिकटून त्यांना गोठवतं, म्हणून कर्करोगाची पेशी दुभंगू शकत नाही. पण चेतापेशीचे रूळही त्याच मालाचे. वाहतूक बिघडते, आणि सगळ्यात आधी हाल कोणाचे, तर ज्यांचा रस्ता सगळ्यात लांब, पायाची बोटं, मग हाताची. हातमोजे-पायमोजे घालतो तेवढाच भाग. (वाहतूक हे एकच कारण नाही, पेशीची ऊर्जाकेंद्रंही बिघडतात.) व्हिंक्रिस्टिनचंही तसंच, ते उलट रूळ उखडतं. ते कशातून मिळतं माहितेय? आपल्या सदाफुलीतून. बऱ्याच जणांचं औषध थांबल्यावर काही महिन्यांत सुधारतं, काहींचं थोडं राहतं. आईंना अनवाणी चालू देऊ नका, पाणी किती गरम आहे ते कोपराने बघायला सांगा, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना हे नक्की सांगा, पुष्कळ पेशंट सांगतच नाहीत.

अबोली, मंगळवार, रात्री ९.५२

धन्यवाद. दारातच सदाफुली आहे आमच्या. आईला सांगितलं तर म्हणाली, उपटू नकोस.

खिडकीतली, बुधवार, सकाळी १०.१०

मग सरळ एनजीएफचं इंजेक्शनच का देत नाहीत? उंबरठा यांच्या भावाला, अबोलीच्या आईला?

प्रयोगवही, बुधवार, रात्री १०.१५

करून बघितलंय. मधुमेहाच्या बधिरपणावर मोठी चाचणी झाली, निकाल २००० मध्ये आला, उपयोग दिसला नाही आणि टोचल्या जागी दुखायचं. कारण एनजीएफ हे दुखणं वाढवणारंही द्रव्य आहे. म्हणून उलट्या दिशेने, सांधेदुखीसाठी एनजीएफला बांधून ठेवणारी औषधंही करून पाहिली, दुखणं कमी झालं पण काहींचे सांधेच झपाट्याने झिजले. जिथे जमलं ती जागा छोटी आहे, डोळा. बुबुळाच्या नसा मेल्यावर होणाऱ्या एका आजारासाठी एनजीएफचे थेंब अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले. दाखला योग्य टोकालाच मिळायला हवा, गावभर वाटून उपयोग नाही. आणि "नसा वाढवणारी पावडर" विकणाऱ्यांपासून जरा लांबच.

उंबरठा, तुमच्या भावाला तर बाहेरून द्यायची तितकी गरजही नाही. तुटलेल्या जागेपुढचा धागा मरतो, पण त्याच्याभोवतीच्या श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव, कुत्र्याशी संबंध नाही) राहतात, रिकामी नळी धरून बसतात आणि स्वतःच एनजीएफ, बीडीएनएफ वगैरे पोषक द्रव्यं बनवायला लागतात. स्नायू हलवणाऱ्या पेशी एनजीएफला विचारत नाहीत, त्यांचं जमतं बीडीएनएफ, जीडीएनएफशी. आणि तुम्ही विचारलेला "तुटलंय" हा निरोप वेगळाच असतो. आधी कॅल्शियमची लाट जाते, ती फार लवकर. मग जखमेच्या जागीच काही प्रोटीनं ताजी बनतात, इम्पोर्टिन त्यातलं एक, आणि डायनिनला धरून केंद्रकाकडे जातात. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतून २००३ मध्ये हे पुढे आलं.

शंकासुर, गुरुवार, दुपारी १२.३०

एक आक्षेप. पाकीटवाली गोष्ट इतकी छान सांगितलीत की वाद संपलाय असं वाटेल. २००२ मध्ये कॅम्पेनॉट यांच्याच लॅबने एनजीएफ मण्यांना पक्कं चिकटवून धाग्यांना दिलं होतं. मणी आत जाऊच शकत नाहीत. तरी पेशी जगल्या. मग पाकीट कुठे गेलं?

प्रयोगवही, गुरुवार, रात्री ११.००

बरोबर पकडलंत, मी ते गाळलं होतं. ते काम खरं आहे आणि त्यावर भरपूर भांडणं झाली. पुढच्याच वर्षी गिंटी यांच्या लॅबने दाखवलं की एनजीएफ-ट्रॅक-ए आत घेणं अडवलं किंवा मुळाशी पोचलेल्या ट्रॅक-एचं काम बंद केलं तर पेशी जगत नाहीत. माझं मत पाकिटाच्या बाजूने, पण एकच वाट असेल असं मी म्हणणार नाही. जगण्याचा आणि वाढण्याचा निरोप एकाच गाडीने जातो असंही नाही, टोकाजवळची वाढ तर बरीचशी तिथल्या तिथे ठरते.

शंकासुर, गुरुवार, रात्री ११.१२

एवढं कबूल केलंत, पुरे. डायनिनबद्दल मात्र सांगायचं राहिलं. ते एकेकटं फार अशक्त असतं, गावच्या रथासारखं, दोराला दहा जण लागतात. रूप मलिक यांचं यावर सुरेख काम आहे, आधी टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), मग आयआयटी मुंबई. ओझं वाढलं की डायनिन पाऊल लहान टाकतं, चढावर गिअर बदलल्यासारखं. आणि टीआयएफआरमध्येच संध्या कौशिका यांच्या लॅबमध्ये मिलीमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या आत ही वाहतूक जिवंतपणी बघतात. कुलाब्याला जाणाऱ्या बसमधून रोज जाणाऱ्यांना पत्ता नसतो.

उंबरठा, शुक्रवार, रात्री १०.३०

मंडळी, सगळं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला दाखला तर पोचला, आता बांधकाम खातं हळू आहे एवढंच ना.

फिजिओथेरपीवाल्या ताईंनी एक युक्ती दाखवली. नसेच्या वाटेवर खालून वर बोटाने टिचक्या मारत यायचं, जिथे बधिर बोटात झिणझिण्या उठतात तिथे नवीन टोक आलंय समजायचं. टिनेल साइन. टिनेल फ्रान्सचे, आणि जर्मनीचे हॉफमन, दोघांनी १९१५ मध्येच वेगवेगळं लिहिलं, तेही ऐन महायुद्धात, एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी! तर आम्ही पेनाने खूण केलीय. टाक्यापासून ४ सेंटीमीटर. अडीच महिन्यांत ४ कमीच वाटलं, पण ताई म्हणाल्या पहिला महिनाभर सुरुवातीच्या डागडुजीतच जातो.

उंबरठा, चार महिन्यांनंतर, रविवार, सकाळी ८.२०

धागा वर काढतोय. काल टिचकी मारली, खूण तळहातात गेलीय, अंगठ्याच्या मुळाशी. टाक्यापासून १६ सेंटीमीटर आणि वर थोडं. बटण अजून आईच लावते. पण काल चहाचा ग्लास धरताना अंगठ्याच्या बुडाशी चटका बसला म्हणून त्याने ग्लास टाकला, आणि फरशी पुसायला घरातलं कोणीही उठेना, सगळे त्याच्या अंगठ्याकडेच बघत बसले.

टवाळ, रविवार, सकाळी ८.४१

ग्लास काचेचा होता का स्टीलचा?

उंबरठा, रविवार, सकाळी ८.४४

स्टीलचा. काच घरात बंद आहे आता.